बसली म्हणजे काय झालं?

ताई,

तू गेल्याची आमच्या पेपरात चौकट आली. मीच लिहिली. शिक्षण, उरणजवळचा कारखाना, मागे कोण कोण आहे. चूक एकही नव्हती. छापून आल्यावर वाचली तेव्हा त्यात तू कुठेच नव्हतीस. चौकटीकडून तेवढीच अपेक्षा असते, म्हणून त्याची तक्रार नाही. हे पुन्हा लिहायला बसले त्याचं कारण एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ लागत नव्हता, आणि तो लागेपर्यंत तुझं जाणं संपल्यासारखं वाटेना.

पनवेलच्या हॉस्पिटलात त्या शेवटच्या दुपारी तुझ्या पलंगाशी दोघंच होतो, भावोजी आणि मी. तुझ्या तोंडावर मास्क होता. बोलणं आदल्या दिवशीच थांबलं होतं, पण माणसं ओळखत होतीस. भावोजींचा फोन वाजला म्हणून ते बाहेर गेले, लगेच परत आले आणि तुझ्या कानाशी वाकले.

"हसुराम नाखव्याचा फोन होता गं. स्प्रिंग बसली म्हणाला."

तू डोळे उघडलेस. मी विचारलं, "कशी बसली, भावोजी?"

"कशी म्हणजे? बसली. खूश होता."

तू चादरीखालून हात काढलास. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणलंस, थोडं फाकवलंस, पुन्हा जवळ आणलंस. भावोजींना वाटलं घोटभर पाणी हवंय. त्यांनी मास्क जरा बाजूला करून ओला कापूस ओठांना लावला. तू मान फिरवलीस आणि पुन्हा तेच केलंस, या वेळी माझ्याकडे बघून. एवढ्यात नर्स आली. सलाईनची सुई हलेल म्हणून तिने तुझा हात सरळ करून ठेवला. पहाटे तू गेलीस.

तू ऐकलेली शेवटची बातमी ही. ती चांगली होती की वाईट, हे त्या खोलीत उभ्या असलेल्या कुणालाही माहीत नव्हतं.

तुला समजावायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना आहे. तुझा धंदा दाबाच्या स्प्रिंगांचा. दाबली की आखडते, सोडली की पुन्हा उभी राहते, ती स्प्रिंग. पंपात, व्हॉल्व्हमध्ये, फोर्कलिफ्टच्या ब्रेकमध्ये, बंदरातल्या निम्म्या यंत्रांमध्ये ती कुठे ना कुठे दडलेली असते. ज्या खाच्यात ती ठेवायची त्याला तुमच्या कारखान्यात घर म्हणतात. स्प्रिंग घरात नीट मावली की लोक म्हणतात, बसली. आणि दाब सोसून तिची उंची कायमची कमी झाली, सोडल्यावरही पहिल्याइतकी उभी राहीना, तरी लोक म्हणतात, बसली. पहिल्या बातमीला चहा पाजायचा, दुसऱ्या बातमीला धावत सुटायचं. शब्द एकच.

यावरून तुझी फजितीही झाली होती. धंद्याच्या सुरुवातीला एका पंपवाल्याचा फोन आला. "म्याडम, तुमची स्प्रिंग बसत नाही हो." तू खूश. "थँक्यू! आम्ही प्रत्येक पीस दाबून तपासतो." तो म्हणाला, "अहो, पण बसत नाही." तू म्हणालीस, "बसणारच नाही. लिहून देते." तो बिचारा सांगत होता की ती घरात जातच नाही, आणि तू समजत होतीस की ती खाली येत नाही, म्हणून तो कौतुक करतोय. सगळा माल परत आला. त्यानंतर कारखान्यात तू नियम केलास. नुसतं 'बसली' कुणी म्हणायचं नाही. आत बसली म्हणा, नाहीतर खाली बसली म्हणा. जो चुकेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. मशीनवरचा तन्वीर सांगतो की सगळ्यात जास्त चहा मॅडमनीच केला.

भावोजी त्या नियमातले जुने. पण हॉस्पिटलात कुणाला नियम आठवतो?

आपल्या दोघींत यावर भांडण होतंच. मी म्हणायचे, दोन उलट्या अर्थांना एक शब्द ठेवणारा धंदा बेजबाबदार आहे. बातमीत असं वाक्य आलं तर मी ते रात्रपाळीच्या उपसंपादकाच्या तोंडावर परत मारते. तू म्हणायचीस, "तुला शब्द बघायची सवय. मी आधी बोलतंय कोण ते बघते. पंपवाला बोलला तर एक, एखादा नाखवा बोलला तर दुसरं." मी म्हणायचे, "मग पंपवाल्याच्या वेळी काय झालं?" तू म्हणायचीस, "तेव्हा माणूस नवा होता." हे भांडण मिटलं नव्हतं. मिटवायची घाई दोघींनाही नव्हती.

माझ्यावरही तू पाळत ठेवायचीस. एकदा मी मथळा दिला होता, 'दाबलेला संताप स्प्रिंगसारखा उसळला'. सकाळी चहाच्या आत तुझा फोन. "स्प्रिंग उसळत नाही. घेतलेलं परत देते, तेही थोडं कमीच. उसळायचं असेल तर मोर्च्याला दुसरं काहीतरी शोध." त्यानंतर मी मथळ्यात स्प्रिंग वापरलेली नाही.

लहानपणी किहीमला असताना आईची वाडीत जायची बॅटरी तू उघडली होतीस. खालची स्प्रिंग खाली बसली होती, सेल टेकत नव्हते. तू ती दोन्ही हातांनी ओढून लांब केलीस आणि उजेड पडला. आई म्हणाली, पोरगी हुशार आहे. थोड्याच दिवसांत उजेड गेला. तू पुन्हा ओढलीस, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी तू ओढली नाहीस. ती हातात धरून बसलीस आणि ओढून लांब केलेली उंची टिकत का नाही, हे विचारत सुटलीस. वडिलांना, शाळेतल्या सरांना, सायकलवाल्याला. नीट उत्तर कुणी दिलं नाही. पुढे तू डिप्लोमा केलास त्याच्या मुळाशी ती बॅटरी होती, असं तू कधी म्हणाली नाहीस. मी म्हणते आहे, आणि ते खोडायला आता तू नाहीस.

तुझी काम घ्यायची पद्धत गिऱ्हाइकांना त्रासाची वाटायची. माणूस मोडकी स्प्रिंग रुमालात गुंडाळून आणायचा आणि म्हणायचा, "डिट्टो अशी द्या." तू ती घ्यायचीस, खिडकीशी नेऊन तुटलेलं टोक बघायचीस आणि परत त्याच्या हातात द्यायचीस. "ही मेली कशी तेवढं हिच्याकडून कळतंय. जगायला काय लागेल ते यंत्राला विचारू." मग प्रश्न सुरू. भार किती? पूर्ण दाबल्यावर जागा किती उरते? घरात राहणार की दांड्यावर? दिवसातून किती वेळा दबणार? तासाला दबणारी वेगळी आणि मिनिटाला दबणारी वेगळी. आणि सगळ्यात शेवटी, "हवा कुठली?" माणूस गोंधळायचा. तू म्हणायचीस, "पेणच्या पलीकडचे असाल तर साधी चालेल. खाडीचे असाल तर बसा, वेळ लागेल."

खारी हवा तुझा पिढीजात वैरी. साध्या पोलादाची तार ताकदीची, पण खाडीवर तिला गंज पकडतो, आणि गंजाचा एक टिपका पुरतो, तार तिथूनच तुटते. तिला जस्त चढवलं तर चढवतानाच्या आम्लात ती ठिसूळ होते, म्हणून लगेच भट्टीत तापवायला लागते. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, पण त्याच भाराला तार जाड घ्यावी लागते. तार जाड झाली की वेटोळी जास्त जागा खातात. ती सगळी एकमेकांना टेकली की पुढे दबायला काही उरत नाही. त्याला तुम्ही म्हणता, स्प्रिंग सॉलिड झाली. सॉलिड झाली की ती लोखंडाचा ठोकळा आणि सगळा भार यंत्राच्या सांध्यावर. म्हणून सॉलिड व्हायच्या आधी थोडी मोकळी जागा राखायची. ही जागा तू कुणासाठी कमी केली नाहीस. बंदरातले मोठे साहेब आले, तरी नाही.

आणि माल देण्याआधी प्रत्येक स्प्रिंग थोडी उंच करून घ्यायची, प्रेसमध्ये पूर्ण दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. जी उंची जायची ती इथेच जाऊ दे. "बसायचं तेवढं माझ्यासमोर बसून घे," असं तू तिला म्हणायचीस. मी ते ऐकलंय.

मग हसुराम नाखव्याचं काम आलं.

धरमतरच्या खाडीत त्याचा स्वतःचा छोटा धक्का आहे आणि एक लाँच. धक्क्याच्या टोकाला लोखंडी झडप, म्हणजे बिजागरीवर खाली पडणारी फळी, जिच्यावरून लोक लाँचमध्ये उतरतात. झडप इतकी जड की उचलायला चार गडी. खाली दोन स्प्रिंगा दिल्या तर एक माणूस उचलू शकेल. नाखव्याने घरं आधीच वेल्ड करून टाकली होती, तीही आखूड. तू जाऊन बघून आलीस आणि म्हणालीस, घरं कापून खोल करा. तो म्हणाला, दिवाळीची गर्दी तोंडावर आहे, आता कापाकापी नको, आहे त्यात बसव. तू नाही म्हणालीस. तो दोनदा उरणला आला, एकदा कोळंबी घेऊन. कोळंबी तू ठेवून घेतलीस आणि त्याला परत पाठवलंस.

आणि मग एका दिवसात तू हो म्हणालीस.

मी त्या दिवशी कारखान्यात होते. स्प्रिंगा प्रेसखाली होत्या. तुझ्या टेबलावरचं ड्रॉइंग मला काय कळणार, पण तन्वीर कुरकुरत होता. "मॅडम, मोकळी जागा कम पडते. आपला रूल आहे ना?" तू म्हणालीस, "माहीत आहे." मी म्हणाले, "दुसऱ्याच्या घाईने काम करताना तुला पहिल्यांदा बघतेय." तू प्रेसवरून नजर न काढता म्हणालीस, "घाई त्याची नाही. माझी आहे."

मला वाटलं, दिवाळीच्या ऑर्डरींबद्दल बोलतेस. तुझे रिपोर्ट त्याच आठवड्यात आले होते, हे नंतर कळलं. भावोजींनाही तू चार दिवस सांगितलं नव्हतंस. बातमी आधी घरच्यांना सांगायची असते, ताई. एवढं तरी तू पाळायला हवं होतंस. यावर मी अजून तुझ्याशी भांडते आहे आणि तू उत्तर देत नाहीस.

आता कळेल की मला झोप का येईना. राखलेल्या जागेचा नियम मोडून तू केलेली ती एकच जोडी, आणि तीच शेवटची. ती खाली बसली असेल, तर तू ते ऐकून गेलीस. आत बसली असेल, तर निदान निश्चिंत गेलीस. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि झडपेवरून रोज माणसं उतरत होती, हे वेगळंच.

मी भावोजींना म्हणाले, नाखव्याला फोन करा. घरात माणसं येत-जात होती. ते म्हणाले, "आता काय विचारायचं? बसली म्हणाला ना." दुसऱ्या दिवशी मी स्वतः लावला. बंद. तिसऱ्या दिवशी बंद. तेराव्यापर्यंत रोज बंद. तेरावं झाल्यावर मी म्हणाले, मी जाते. भावोजी गाडीची चावी घेऊन आले.

वडखळ ओलांडल्यावर त्यांनी तोंड उघडलं. "तो खूश होता असं मी म्हणालो ना तिला."

"हो."

"तेवढं मी वाढवलं. तो फक्त बसली म्हणाला. मी म्हणालो, ती हॉस्पिटलात आहे, सांगतो, आणि ठेवला."

आमच्याकडे याला पदरचं वाक्य म्हणतात. बातमीदाराने घातलं तर त्याची खैर नसते. भावोजींना मी काय म्हणणार? बायकोच्या कानाशी वाकलेला माणूस वार्ताहर नसतो.

धक्क्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. टोकाची झडप उभी करून दोरखंडाने बांधलेली होती. शेजारी जुनी लाकडी फळी टाकून लोक हात धरधरून लाँचमध्ये उतरत होते आणि शिव्या घालत होते. हसुराम नाखवा दोराशी खटपट करत होता. आम्हाला बघून हसला.

"या भावजी. ही धाकली बाय ना? बायला बरं हाय का आता?"

भावोजी म्हणाले, "गेली, नाखवा. पंधरवडा झाला."

हातातलं दोराचं टोक नाखव्याने खुंटाला गुंडाळलं, सोडवलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाला, "मना कुनी सांगला न्हाय. मोबाईल खाडीत परला. आजारी मानसाला सारखा फोन कशाला, म्हनून नवा घ्यायची बी घाई केली न्हाय."

"पेपरात आलं होतं," मी म्हणाले.

"पेपर कोन वाचतो, बाय?"

लाँचमधून कुणीतरी ओरडलं, "नाखवा, झडप काय पुजेला ठेवलीय का?" नाखव्याने तिकडे पाहिलंही नाही.

मी विचारलं, "तुम्ही फोनवर म्हणालात, स्प्रिंग बसली. आत बसली, की खाली बसली?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखा. "आत तं पयल्याच दिवशी बसली. त्येच्यासाठी कोन फोन करल? खाली बसली. डावी. उजवी ठीक हाय."

भावोजींनी कठड्याला हात टेकला. "मग मला तसं सांगायचं ना!"

"सांगितला की. बसली म्हनालो. बायला कलनार होता." आता त्याचाही आवाज चढला. "तिनंच मना बजावलेला. नाखवा, यातली एखादी खाली बसल. बसली की मना फोन कर. मी इचारीन किती, तं मोजून ठेव. वाईच आसल तं ही घालायची. जास्ती आसल तं घालायची न्हाय." त्याने सदऱ्याच्या खिशातून दोन लोखंडी चकत्या काढल्या. स्प्रिंगखाली घालायच्या, गेलेली उंची भरून काढायच्या. "मंग मी थांबलो. झडप बांधून ठेवली. गिराईक बोंबलतंय, पन बाय इचारल म्हनून थांबलो."

"किती बसली?" भावोजींनी विचारलं.

नाखव्याने अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणलं आणि थोडं फाकवलं. "इतकी."

ताई, भावोजी माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा मी इथे लिहिणार नाही. तुला पाणी नको होतं. तू विचारत होतीस, किती.

म्हणजे तुला अर्थ पहिल्या क्षणी कळला होता. खोलीत आम्ही दोघं शुद्धीवर, धडधाकट, आणि शब्द फक्त तुझ्यापर्यंत पोचला. स्प्रिंग देतानाच तुला ठाऊक होतं की ती टिकेल असं सांगता येत नाही. म्हणून तू चकत्या दिल्यास, बजावून ठेवलंस आणि फोनची वाट बघत होतीस. आपण घाई करतोय याचाही हिशोब तू त्या घाईत धरला होतास. याबद्दल मला तुझा अभिमान वाटतो, आणि त्याच दमात राग येतो, कारण हे सगळं तू एका नाखव्याला सांगितलंस, कारखान्यात सांगितलं नाहीस. आपण असूच, विचारूच, हे धरून चाललीस. नियम मोडलास तो हाच. मोकळी जागा कमी केलीस ती नुसती स्प्रिंगमध्ये नव्हे, स्वतःच्या दिवसांत.

तरीही एक गोष्ट मान्य करते. बोलतंय कोण ते बघायचं, हे तुझं म्हणणं त्या दुपारी खरं निघालं. भांडणात हा मुद्दा तुझा. बाकीचं भांडण चालू आहे.

भावोजी झडपेखाली उतरले. पँटला चिखल, हातात कॅलिपर. इतकी वर्षं माल पोचवणं आणि पावत्या बघणं हे त्यांचं काम. मोजमाप तुझं. त्यांनी डावी मोजली, उजवी मोजली, पुन्हा डावी मोजली आणि तिथूनच तन्वीरला फोन लावून आकडा सांगितला. मग तन्वीर म्हणाला, "दिलीपभाई, चकती नका टाकू. झडप पूरी खाली गेली की सॉलिड होईल. बिजागरीची पिन तुटेल."

नाखवा वरून म्हणाला, "चकती घालून बघू तं खरं. गर्दीचे दिवस हायत, भावजी. चार दिवस निघले तरी बास."

"नाही."

"बायनं दिलीय ना? उगाच दिली का?"

भावोजी वर आले, हात पुसले आणि दोन्ही चकत्या त्याच्याकडून घेऊन स्वतःच्या खिशात टाकल्या. "तिने आधी विचारायला सांगितलं होतं. विचारून झालं. घरं कापून खोल करायची. तोवर झडप बांधलेलीच राहू दे."

"पयल्या दिवशी बाय हेच बोल्लेली," नाखवा म्हणाला. "मी आयकला न्हाय. मंग ती कशी आयकली माझा?"

त्याला उत्तर देण्यासारखं आमच्याकडे होतं. दिलं नाही. निघताना त्याने भावोजींचे दोन्ही हात धरले आणि सोडेना.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले, तर नव्या जोडीवरून वाद पेटलेला. तन्वीर म्हणत होता, "मॅडम असत्या तर तार हीच ठेवली असती, वेटोळी वाढवली असती." भावोजी म्हणत होते, "तिने तार बदलली असती. स्टेनलेसला ती आधीपासून नाखूश होती." तन्वीर म्हणाला, "भाई, माझ्यासमोर बोलल्या होत्या." भावोजी म्हणाले, "माझ्यासमोर उलटं बोलली." दोघं आपापली ताई घेऊन उभे. मी ऐकत होते. दोन साक्षीदार, दोन जबान्या, दोन्ही खऱ्या. अशी बातमी आम्ही छापत नाही.

शेवटी भावोजींनी हात वर केला. "ती काय म्हणाली असती ते राहू दे. भार तोच आहे. कापल्यावर घर किती खोल होईल?"

तन्वीरने सांगितलं.

"आणि झडप सगळ्यात खाली जाते तेव्हा? उधाणाच्या सुकतीला, पाणी सगळ्यात उतरल्यावर लाँच किती खाली असते?"

तन्वीरने ड्रॉइंग उलटून-पालटून पाहिलं. त्याच्यावर स्प्रिंगचं सगळं होतं, पाण्याचं काही नव्हतं. "मॅडमना माहीत होतं," तो म्हणाला. "त्या जाऊन बघून आल्या होत्या."

ते तुझ्या डोक्यात होतं आणि तुझ्याबरोबर गेलं. नाखव्याला विचारावं, तर त्याचा फोन खाडीत.

भावोजींनी भिंतीवरच्या पंचांगावर बोट फिरवलं. "अमावास्या परवा. सुकती संध्याकाळची. तन्वीर, टेप घे. आपण तिघं जाऊन बघू."

"मी कशाला?" मी विचारलं.

"लिहून घ्यायला," ते म्हणाले. "आणि कोण काय म्हणालं, कुठल्या अर्थाने म्हणालं, तेही विचारून घे तिथल्या तिथे."